समुपदेशनातला उपदेश

(यावल येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती थोडी कमी केली आहे.)

मंडळी, संयोजकांनी विषय दिला आहे 'मनाच्या वेदना आणि थेरपी'. हा विषय खरा डॉक्टरांचा. आम्ही डॉक्टर आहोत ते कागदावरचे, आमच्या पीएच.डी.ने कुणाचा साधा ताप उतरलेला नाही. त्यामुळे निदान, गोळ्या, औषधं याबद्दल आम्ही बोलणार नाही. आम्ही वाचणारे आणि बघणारे. तेव्हा आज एक शब्द, एक जुना ग्रंथ आणि एक चित्रपट, एवढ्यांची चिकित्सा करू.

त्याआधी एक प्रसंग सांगतो. त्यात चूक आमचीच आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. केळी लावणारा, पंचेचाळिशीतला. त्याचं लग्न मोडलं होतं, मुलगी आईबरोबर गेली होती, आणि त्याच वर्षी जूनच्या वादळात सगळी बाग आडवी झाली होती. ओसरीवर बसला, "सर..." म्हणाला, आणि थांबला. तो थांबला ती जागा आम्हाला आमची बोलण्याची जागा वाटली. पुढचा तासभर आम्ही बोललो. स्थितप्रज्ञाची लक्षणं झाली, मग ग्रीक-रोमन स्टोइक झाले, सम्राट असूनही विरक्त राहिलेला मार्कस ऑरेलियस झाला. मध्ये चहा झाला. तो पाया पडून गेला. आम्ही सौभाग्यवतींना म्हणालो, बरं वाटलं असेल बिचाऱ्याला. त्या म्हणाल्या, "तो काय म्हणाला?" आम्ही आठवू लागलो. तो काहीच म्हणाला नव्हता.

चार वर्षांनी फैजपूरला एका लग्नात तो भेटला. चेहरा मोकळा होता. मधल्या काळात जळगावला एका समुपदेशकाकडे आठ-दहा वेळा जाऊन आला होता. हसत म्हणाला, "चांगलंच बोलले सर तुम्ही त्या दिवशी. पन मी सांगाले आलतो."

मी सांगाले आलतो. चौतीस वर्षं आम्ही वर्गात बोललो, पण आमच्या शिकवण्यावर इतकी नेमकी टीका दुसऱ्या कोणी केलेली नाही.

आता तो शब्द बघा. 'समुपदेशन'. इंग्रजी कौन्सेलिंगला आपण हा प्रतिशब्द केला. त्याच्या पोटात काय बसलंय? उपदेश! जे या खोलीत करायचं नाही, तेच दारावरच्या पाटीवर लिहून ठेवलेलं. शब्द घडवणाऱ्यांना आम्ही दोष देत नाही. त्यांनी आपला समाज जसा होता तसा शब्दात उतरवला. आपल्याकडे दुःखी माणसाचं करतात काय, तर त्याची 'समजूत घालतात'. म्हणजे समजूत त्याच्याकडे नाही, ती बाहेरून आणून त्याच्यात घालायची, पोत्यात धान्य घालतात तशी. आई घालते, मामा घालतात, कीर्तनकार घालतात, आणि प्राध्यापक तर काय, पगारच त्याचा घेतात.

बरं, आपल्याकडे दुःखाची काही व्यवस्थाच नव्हती असंही नाही. माणूस गेला की दारावर लोक येतात. बायका गळ्यात पडून रडतात, शेजारी पिठलं-भाकरी आणून देतात, दहावा होतो, गंधमुक्ती होते. या दिवसांत मेलेल्याच्या आठवणी शंभरदा सांगितल्या जातात आणि शंभरदा ऐकल्या जातात. ही मोठी शहाणपणाची रीत आहे. तिची अडचण अशी की ती तेराव्या दिवशी संपते, आणि घर खरं रिकामं होतं ते चौदाव्या दिवशी. दुसरी अडचण त्याहून मोठी. मृत्यूला निदान तेरा दिवस तरी आहेत. घटस्फोटाला किती दिवस आहेत? नोकरी सुटण्याला? मुलगा पुण्याला किंवा अमेरिकेला जाऊन कायमचा तिकडचा होण्याला? झोपलेल्या केळीच्या बागेला? पंचनाम्याला तलाठी येतो, पण दारावर बसायला कोणी येत नाही. ज्या बदलांना रीतच नाही, त्यांत माणूस एकटा पडतो. थेरपीची गरज बहुतेक करून इथे सुरू होते.

आता ग्रंथाकडे. आपल्या यावलमध्ये महर्षी व्यासांचं मंदिर आहे, आणि व्यासपौर्णिमेला इथे केवढी गर्दी होते ते तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे महाभारत इथे बोलायचं म्हणजे घरातल्या माणसाबद्दल बोलल्यासारखं आहे. अशा सभेत हमखास एक वाक्य ऐकू येतं: गीता हे जगातलं पहिलं समुपदेशन. आम्हीही ते कित्येकदा म्हटलेलं आहे, टाळ्याही घेतल्या आहेत. पण एक गोष्ट बघा. पहिल्या अध्यायात अर्जुन बोलतो, शरीर कसं कापतंय ते सांगतो, धनुष्य टाकून बसतो. या अख्ख्या अध्यायात कृष्णाच्या तोंडी किती आहे? एका श्लोकाचा तुकडा. समोर जमलेल्या कौरवांकडे बघ, एवढंच. ज्या अध्यायावर प्रवचनकार सगळ्यात कमी वेळ देतात, त्यात कृष्ण ऐकतोय. आम्हीही तो अध्याय एका तासात उरकत असू.

आणि गीतेवर थांबू नका, पुढे चला. युद्ध संपल्यावर युधिष्ठिराचं काय झालं? स्त्रीपर्वाच्या शेवटी गंगेवर तर्पण चाललेलं असतं, आणि कुंती रडत रडत सांगते की कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. आयुष्यभर गिळलेली गोष्ट त्या बाईने मुलांसमोर काढली. तिला मिळालं काय? शांतिपर्वात युधिष्ठिर यावरून साऱ्या स्त्रीजातीला शाप देतो की त्यांच्या पोटात गुपित राहणार नाही. तो स्वतः शोकाने फाटलेला आहे, हे मान्य. पण सांगणाऱ्याला शाप मिळाला, हे लक्षात ठेवा. ते पुढे लागणार आहे.

मग युधिष्ठिराची समजूत घालण्याचा कार्यक्रम सुरू होतो. अर्जुन बोलतो, भीम बोलतो, नकुल-सहदेव बोलतात, द्रौपदी बोलते, ऋषी बोलतात, व्यास बोलतात, कृष्ण बोलतो. तरी उतार पडत नाही, म्हणून त्याला शरपंजरी पडलेल्या भीष्मांकडे नेतात. भीष्म जे बोलतात त्याने महाभारतातलं सगळ्यात मोठं पर्व भरतं, आणि वर अनुशासनपर्वही. राजधर्म, आपद्धर्म, मोक्षधर्म, काय नाही त्यात! जगाच्या वाङ्मयात एका दुःखी माणसाला इतकं कोणी समजावलेलं आमच्या वाचनात नाही. आणि परिणाम? आश्वमेधिकपर्व उघडतं तेव्हा भीष्मांना तर्पण देऊन गंगेबाहेर आलेला युधिष्ठिर काठावर कोसळतो. पुन्हा तेच. तिथे व्यास चक्क वैतागतात. हा काय पोरकटपणा, आम्ही इतके दिवस काय आकाशाला उद्देशून बडबडत होतो का, अशा अर्थाचं बोलतात. ग्रंथकर्त्याने आपल्याच ग्रंथातल्या उपदेशाचा निकाल स्वतःच्या तोंडून लावावा, याला फार मोठा प्रामाणिकपणा लागतो. आमचे सहकारी याला 'उपदेशाची पुनरावृत्ती' म्हणायचे. आम्ही याला उपदेशाची हार म्हणतो.

पण गोष्ट तिथे संपत नाही. पुढे आश्रमवासिकपर्व आहे. फारसं कोणी वाचत नाही, छोटंसं आहे. धृतराष्ट्र, गांधारी, कुंती वनात राहायला गेलेत. व्यास येतात. या वेळी ते काही शिकवत नाहीत. विचारतात, मनात काय आहे, काय हवंय? गांधारी सांगते की सोळा वर्षं झाली, या राजाला मुलांच्या शोकात रात्रीची झोप नाही. सोळा वर्षं! शांतिपर्व, अनुशासनपर्व, सगळं होऊन गेलं, आणि म्हाताऱ्याला झोप नाही. मग व्यासांचं लक्ष कुंतीकडे जातं. ती बोललेली नाही, पण तिचा चेहरा त्यांना दिसतो. ते तिला म्हणतात, तुला जे सांगायचंय ते सांग. आणि ती सांगते. दुर्वासाचा वर, सूर्य, ते मूल, पाण्यात सोडणं, पहिल्यापासून सगळं. हेच तिने गंगेवर सांगितलं होतं. मजकूर तोच होता. फरक एवढाच की तेव्हा ऐकणाऱ्यांना स्वतःचं दुःख आवरत नव्हतं, आणि आता समोरचा माणूस स्थिर बसून ऐकत होता. ऐकून झाल्यावर व्यास म्हणतात की यात तुझा दोष नाही. पूर्ण ऐकल्यावर म्हणतात, आधी नाही.

नंतर व्यास गंगेतून मेलेल्या वीरांना एका रात्रीपुरतं वर आणतात, आई-मुलं, भाऊ-भाऊ राग विसरून भेटतात, पहाटे ते परत जातात. शोक करणाऱ्याला गेलेल्या माणसाशी एकदा बोलायचं असतं, ही गोष्ट कवीला ठाऊक होती. आजचे थेरपिस्ट गेलेल्याला पत्र लिहायला सांगतात किंवा समोर रिकामी खुर्ची ठेवतात, त्याच्या जवळचं हे काहीतरी आहे. पण व्यासांना थेरपिस्टचा कोट घालायची आमची इच्छा नाही. याच प्रसंगाच्या शेवटी, पतीच्या लोकी जायचं असेल त्या विधवांना गंगेत उतरायला सांगितलं आहे, आणि त्या उतरतात. आम्हाला तो भाग कधीही पचलेला नाही. जुन्या ग्रंथात सगळंच होतं असं म्हणणाऱ्यांनी तेही वाचावं.

आता तुम्ही म्हणाल, मग तत्त्वज्ञान फुकट गेलं का? बुद्धीला पटवून माणूस बरा होत नाही का? इथे आम्हाला थोडं जपून बोललं पाहिजे. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास जी उपचारपद्धती सुरू केली तिचं मूळच स्टोइकांमध्ये आहे. घटना आपल्याला जेवढं दुखवत नाही तेवढं तिच्याबद्दलचं आपलं मत दुखवतं, हा एपिक्टेटसचा विचार त्यांनी दवाखान्यात आणला. 'असं व्हायलाच हवं होतं', 'माझ्या बाबतीत असं होताच कामा नये' असे हट्ट माणूस मनात धरतो, ते शोधून काढायचे, त्यांना पुरावा मागायचा. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार करून ही विवेकनिष्ठ पद्धत मराठीत रुजवली. ठाण्याला डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990मध्ये संस्था काढली, तिथून हा विचार व्याख्यानांतून, पुस्तकांतून घराघरांत गेला. हे मोठं काम आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाला तर अभिमान वाटावा असं.

पण त्याची मराठी आवृत्ती लोकांपर्यंत पोचता पोचता तिचं काय होतं? 'पॉझिटिव्ह विचार कर.' म्हणजे पुन्हा समजूत घालणंच. मूळ पद्धतीत माणूस आपल्या विचाराला स्वतः प्रश्न विचारायला शिकतो. आपल्याकडे ते प्रश्न भाऊजी विचारतात, तेही जेवताना. फरक जमीन-अस्मानाचा आहे.

आम्हाला हा फरक पुस्तकात कळला नाही. सौभाग्यवती गेल्या त्याला आता पाच वर्षं होतील. दारावर येणारा प्रत्येक जण एकच म्हणायचा: सर, तुम्ही तर तत्त्वज्ञानाचे, तुम्हाला आम्ही काय सांगणार! आणि मग सांगायचा. आमचंच औषध आम्हाला चमच्याने परत मिळत होतं. तीन महिन्यांनी वजन उतरलं, वर्तमानपत्र घडीसुद्धा न मोडता पडून राहायला लागलं, तेव्हा लेकीने जळगावला एका समुपदेशक बाईंकडे नेलं. आम्ही तयारीत गेलो होतो. त्यांनी फ्रॉइड काढला तर कुठे अडवायचं हेही ठरवलेलं. त्या बाई लेकीपेक्षा लहान. त्यांनी विचारलं, "काका, सकाळचा चहा कोण करायचं?"

आम्ही चाळीस मिनिटं चहावर बोललो. आलं किती, साखर कोणाला चालायची नाही, शेवटच्या वर्षी त्यांचे हात थरथरायचे तेव्हा कप कोण धरायचं. मधे त्या बाईंनी दोन-तीन वेळा एवढंच विचारलं की मग? असं सात-आठ गुरुवार झालं. स्टोइक आले, पण पाचव्या गुरुवारी, आणि आमच्याच तोंडून आले. तेव्हा ते उपयोगी पडले. दुःख गेलं का? नाही. ते जावं अशी इच्छाही नाही. वर्तमानपत्र मात्र उघडलं जाऊ लागलं.

आता चित्रपट. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव'. 2017मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ त्याला मिळालं. तरी आपल्या भागात किती जणांनी पाहिला, हात वर करा म्हटलं तर पंचाईत होईल. भावे मुळात समाजकार्य शिकवणाऱ्या. त्यांनी 2004च्या 'देवराई'त स्किझोफ्रेनिया घेतला, 'अस्तु'मध्ये स्मृतिभ्रंश झालेले संस्कृतचे पंडित घेतले, आणि 'कासव'मध्ये नैराश्य. निर्माते डॉ. मोहन आगाशे, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत आणि यात दत्ताभाऊ नावाचे कासवं वाचवणारे गृहस्थ झाले आहेत.

कथा थोडी आहे. जानकी, म्हणजे इरावती हर्षे, अमेरिकेतला संसार मोडून आलेली, स्वतः नैराश्याशी झगडलेली. तिला वाटेत एक तरुण सापडतो, जीव द्यायचा प्रयत्न केलेला, आजारी. आलोक राजवाडे यांनी केलेला हा मुलगा चिडका आहे, उपकार मानत नाही, धड बोलत नाही. ती त्याला समुद्रकाठच्या घरी आणते. आणि मग पटकथा काय करते, तर जवळजवळ काहीच करत नाही. त्याला कोण, कुठला, का केलंस, असं खोदून विचारलं जात नाही. जेवण ठेवलं जातं. माणसं आपापली कामं करत राहतात. पलीकडे कासवाची अंडी राखण्याचं काम चालू आहे: मादी वाळूत अंडी घालून निघून जाते, माणसांनी ती कुत्र्या-कोल्ह्यांपासून जपायची, पिल्लं बाहेर आली की समुद्राकडे जायची वाट मोकळी ठेवायची. पिल्लाला उचलून पाण्यात टाकायचं नाही. चालायचं त्यालाच आहे.

हे रूपक काही ठिकाणी जरा जास्तच बोट दाखवून सांगितलं आहे, असं आमचं मत. पण ते चुकीचं नाही. राखण करणं आणि ढकलणं यांतला भेद मराठी पडद्यावर इतक्या संथपणे कोणी दाखवला नव्हता. लोक म्हणतात चित्रपट संथ आहे. अहो, खचलेला माणूस संथच असतो. त्याच्या वेगाने चालायचं की आपल्या, एवढाच तर प्रश्न आहे.

आमची तक्रार दुसरी आहे. जानकीकडे समुद्रकाठी घर आहे, गाडी आहे, घरात कामाला माणूस आहे आणि वेळ आहे. आमच्या विद्यार्थ्याकडे यातलं काय होतं? त्याच्याकडे आडवी बाग आणि सोसायटीचं कर्ज. प्रेमळ माणूस आणि मोकळा समुद्र मिळाला की जखम भरते, असा समज करून प्रेक्षक बाहेर पडला तर ते धोक्याचं आहे. जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसाला आधी डॉक्टर लागतो. आणि स्वतः नुकत्याच सावरलेल्या बाईने एकटीने हा भार उचलायचा, हेही प्रत्यक्षात तिला महागात पडू शकतं. ऐकणाऱ्यालाही कोणीतरी ऐकणारं लागतं. थेरपिस्ट मंडळी यासाठी आपल्यापेक्षा अनुभवी माणसाकडे नियमाने जातात. शेजारी आणि थेरपिस्ट यांच्यात फरक मायेचा नसतोच मुळी. ठरलेली वेळ, ठरलेली हद्द, गुपित बाहेर न जाण्याची हमी, आणि ऐकण्याचं शिक्षण, हा फरक आहे. यावलमध्ये गुपिताचं काय होतं ते तुम्ही जाणताच.

मग समुद्र नसलेल्या गावांनी करायचं काय? याचं एक उत्तर गोव्यात मिळालं आहे. तिथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत, नैराश्य बऱ्यापैकी तीव्र असलेल्या लोकांवर एक प्रयोग झाला. बोलण्याचं काम मानसोपचारतज्ज्ञांनी केलं नाही. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून, त्यांच्यावर देखरेख ठेवून, 6 ते 8 बैठकांचा उपचार त्यांच्याकडून करवला. 'द लॅन्सेट'मध्ये 2017 साली निष्कर्ष आले. नेहमीची आरोग्यसेवा मिळालेल्यांपैकी 39 टक्के तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आले होते. त्याच सेवेच्या जोडीला या बैठका मिळालेल्यांत ते प्रमाण 64 टक्के होतं. आणि हो, ती माणसं नुसती ऐकत बसली नव्हती. रोज काय करतोस, कशाने थोडं बरं वाटायचं, त्यातली एखादी लहान गोष्ट या आठवड्यात करशील का, असं ते चालायचं. म्हणजे ऐकणं हे मौनव्रत नव्हे. पण गोष्ट कोणती, हे सांगणार तो रुग्ण.

आपल्या ग्रामीण रुग्णालयांत, आरोग्य केंद्रांत असं का होऊ नये, हा प्रश्न आम्ही इथे बसलेल्या पुढाऱ्यांना विचारून ठेवतो. गोव्यात ज्यांनी केलं ती माणसंही आपल्यासारखीच होती.

वेळ होत आली. आमच्याकडे एक चिठ्ठी आली आहे, नाव नाही, ते बरं केलं. लिहिलंय: 'बाग गेल्यापासून भाऊ बोलत नाही, रात्री शेतात जाऊन बसतो. त्याला काय सांगावं?' ज्याने लिहिलंय त्याला हे आम्ही सगळ्यांसमोर सांगतो. आज रात्री त्याच्याबरोबर शेतात जा. काही सांगू नका. घरातली फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि किल्ली तुमच्याकडे ठेवा. जगून काय करू, असं मनात येतं का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडू नका, सकाळची वाट बघू नका, डॉक्टरकडे न्या. आणि 14416 हा टेलिमानसचा नंबर फोनमध्ये आत्ताच घालून ठेवा. फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतून बोलता येतं. तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता. सभा संपल्यावर आम्ही इथेच बसलेलो आहोत.